चेडोबाचं ओळखपत्र

३ नोव्हेंबर
आजपासून आपण सुरक्षा अधिकारी! बदलापूरबाहेर, उल्हास नदीच्या काठी पाणी शुद्ध करणारं केंद्र. अख्ख्या शहराच्या तोंडचं पाणी आता या पुष्करच्या हातात. घर शिरगावात, स्कूटरने पूल ओलांडला की आलंच. केंद्राची सुरक्षा मात्र लग्नाच्या हॉलसारखी, या, बसा, जेवून जा. चहावाला थेट क्लोरीनच्या खोलीत शिरतो आणि किटली तिथेच टेकवतो. मॅनेजर धर्मराज म्हणाले, अठ्ठावीसला दिल्लीहून तपासणी आहे. पास झालो तर मी कायम, नाहीतर राम राम. इराने डबा देताना टोमणा मारलाच, की आधी घरची कडी नीट लावायला शिक. लेक राजसी पहिलीत आहे. तिला माझं ओळखपत्र एवढं आवडलं की तिलाही तसंच हवं. म्हटलं, बाळा, ते फक्त कर्मचाऱ्यांना. नियम म्हणजे नियम. फुरंगटून झोपली.

८ नोव्हेंबर
नवी यंत्रणा बसली एकदाची. फाटकावर कार्ड टेकवायचं, कॅमेऱ्याला तोंड दाखवायचं. दोन्ही जुळलं की हिरवा दिवा. एक चेहरा आत गेला की बाहेर पडेपर्यंत पुन्हा आत घेत नाही, आणि बाहेर गेलेल्याला पुन्हा बाहेर सोडत नाही. एवढं साधं, पण लोकांना समजावताना माझा घसा बसला. फाटकावरचा भूपेश अंबरनाथचा, कामाला चोख, पण ओळखीचं कुणी दिसलं की विरघळतो. त्याच्याकडून घोकूनच घेतलं : माणूस बघायचा नाही, दिवा बघायचा. लाल असेल तर माझा बाप आला तरी अडव, मी आलो तरी अडव. मग मुद्दाम कार्डाशिवाय गेलो. अडवलं की पठ्ठ्याने! खूश होऊन त्याला वडापाव खिलवला.

१२ नोव्हेंबर
नदीकडच्या भिंतीत एक लहानसं लोखंडी दार, कायम सताड उघडं. वेल्डिंग मारून बंद केलं, वर काटेरी तार. संध्याकाळी हरिचंद्र माळी हात जोडून हजर. केंद्राची ही जमीन मूळची त्याच्या आजोबांची. म्हणाला, ती चेडोबाची वाट हाय, साहेब. आवारात शेंदूर फासलेला दगड आहे, तो चेडोबा, गावाचा राखणदार. रोज तिन्हीसांजेला त्या दारातून निघून हद्दीवर फेरी मारतो म्हणे. ओळख नसलेला माणूस दिसला की त्याचे पाय बांधतो. एकदा एक चोर शेताच्या बांधावर तसाच उभा सापडला, पाय काही केल्या उचलेना. उभ्याउभ्याच गेला बिचारा.

मी म्हटलं, अरे, देवाला कोण अडवतंय? फक्त आता फाटकातून जायचं. त्याचंही कार्ड काढू! हरिचंद्रही हसला. पण कॉम्प्युटर फोटो आणि पत्त्याशिवाय पुढे सरकेना. दगडाचा फोटो टाकला तर चेहरा सापडत नाही म्हणे. शेवटी वैतागून माझाच फोटो टाकला आणि शिरगावचा पत्ता. हुद्दा : राखणदार. कार्ड दगडाच्या गळ्यात अडकवलं, नारळ फोडला. इराला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला.

१७ नोव्हेंबर
सकाळी फाटकावर माझाच दिवा लाल. मी म्हणे आधीच आत आहे! भूपेश म्हणाला, साहेब, तुम्ही मघाशीच गेलात की, हाक मारली तरी बोलला नाहीत. बऱ्याच वेळाने हिरवा झाला. यंत्र बसवणाऱ्याला फोनवर यथेच्छ शिव्या घातल्या. पण यंत्र बिघडलं तरी भूपेशचे डोळे कसे बिघडतील? दगडाकडे जाऊन पाहिलं. कार्ड नाही. हरिचंद्रला झापलं, त्याने आईची शपथ घेतली.

२१ नोव्हेंबर
धर्मराजसाहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, काल तिन्हीसांजेला मी भिंतीकडेने किती मन लावून फेरी मारत होतो म्हणून. काल तिन्हीसांजेला मी उल्हासनगरच्या बाजारात कुलपांची घासाघीस करत होतो.

घरी आलो तर इरा चिडलेली. रोज वर यायच्या आधी बिल्डिंगभोवती कसल्या फेऱ्या मारतोस, हात केला तरी बघत नाहीस. राजसी म्हणाली, बाबा खाली असतो तेव्हा चपला घालत नाही.
मी हसण्यावारी नेलं. जेवण मात्र गेलं नाही.

२४ नोव्हेंबर
कार्ड रद्द होत नाही. धारक कामावर असताना रद्द करता येणार नाही, असं पडद्यावर येतं. नियम मीच घातलेला. हरिचंद्र काकुळतीला आलाय, दार फोडा म्हणतो. आत्ता फोडलं तर तपासणीत नापास. नोकरी गेली. चारच दिवस तर आहेत. देवा चेडोबा, सांभाळून घे रे बाबा, अठ्ठावीस होऊ दे, स्वतः दार उघडतो.
भीती वाटतेय. लिहायला लाज कसली.

२८ नोव्हेंबर
सकाळपासून लाल. भूपेशने आत घेतलं नाही. दिवसभर फाटकाबाहेर, चिंचेखाली. दिल्लीची माणसं आली, गेली. मग धर्मराजसाहेबांचा फोन — वा पुष्कर, पाहुण्यांनाही कार्डाशिवाय पाऊल उचलू दिलं नाहीस, साहेब लोक बेहद्द खूश, तू कायम झालास.
मी तर बाहेर होतो. आत कोण —

२९ नोव्हेंबर
आज हिरवा. धावत भिंतीशी. हरिचंद्रने छिन्नी आणली. वेल्डिंग तुटेना. मीच पक्कं करून घेतलं होतं.
आवारात तो नाही. कुठेच नाही.

इराला फोन लावला. कुजबुजत बोलतेय. तू दारात असा का उभा, बोलत का नाहीस, हात पुढे करून कार्ड कसलं मागतोस. मग थांबली. म्हणाली, तू फोनवर आहेस, तर दारात कोण आहे.

राजसीला शाळेत निघायचं होतं. उंबऱ्यावर अडली आहे. पाय उचलत नाही तिचा.

ऑफिसात आलो. दोघींची कार्डं छापतोय. राजसीचा वाढदिवसाचा फोटो टाकला. लवकर, लवकर —

फाटक. लाल. मी म्हणे मघाशीच बाहेर गेलोय. शेजाऱ्यांना फोन केला, गेले, तेही जिन्यात उभे आहेत, पाय —
हरिचंद्रकडे कार्ड देऊन पाठवू म्हटलं. भूपेश म्हणतो, दुसऱ्याचं कार्ड दुसऱ्याने नेता येत नाही, साहेबांचाच नियम.

फोनवर राजसी. बाबा, मला कार्ड दे ना. कार्ड माझ्या हातात आहे गं सोन्या. हे बघ, हातात आहे.

भूपेश मान वर करत नाही. पाया पडलो त्याच्या. सांगतोय, दिवा नको बघूस रे, माणूस बघ, माणूस —