धोंडीबाईचं बोट

प्रिय तन्मय,

फोन केला असता, पण मी मुद्द्याला आले की तुझी रेंज जाते. कागदाला ती सोय नाही, म्हणून जव्हारहून हे पत्र. पाकिटावर 'खासगी' लिहिलंय. म्हणजे तुझ्या आरोग्य केंद्रातल्या सगळ्यांचं वाचून झालं की तुला मिळेल.

सूर्यमाळच्या पाड्यावरचा माघ्या आठवतो ना? दीड महिन्याचं पोर, आई सरू, आजी धोंडीबाई. तू तीन दिवस डोळ्यात घालायला थेंब दिलेस. चौथ्या दिवशी, गुरुवारी, दोघी त्याला जीपने आमच्या रुग्णालयात घेऊन आल्या. उजवा डोळा सुजून बंद, गाल तांबडा, ताप एकशे तीन. इथल्या मोठ्या डॉक्टरांनीही डोळाच म्हटलं. डोळ्यांचे डॉक्टर येतात मंगळवारी. रोगाने तोवर बाकावर बसून राहावं, एवढीच अपेक्षा. मला विचारायचा प्रश्नच नव्हता. तोंडात दात नसलेल्या पोरासाठी दातवालीला कोण बोलावतं? हे नाव तूच ठेवलंस मला. आणि मी तरी कुठली शहाणी, त्यांच्यासमोरून दोनदा चहाला गेले.

तिसऱ्या खेपेला धोंडीबाईने माझा कोट धरला. म्हणाली, बाय, डोला नाय, तोंडात बघ, वरती पिकलाय. मी त्रासूनच बॅटरी काढली. टाळूचा उजवा भाग फुगलेला, त्याच बाजूच्या नाकपुडीतून पू. वरच्या हिरडीवर बोट टेकवलं, तर पू आला आणि त्याबरोबर तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा. दाताचा कोंब होता तो, तन्मय. काही महिन्यांनी यायचा दात आत्ताच सुटून आला होता. संसर्ग वरच्या जबड्याच्या हाडात होता. डोळा बिचारा शेजारी राहतो म्हणून सुजला. पुस्तकात याच्यावर चार ओळी आहेत. त्या तूही वाचल्या असशील, मीही वाचल्या होत्या.

मग शीर सापडेना. जिजा सिस्टरला चौथ्या टोचणीला सापडली, अँटिबायोटिक सुरू झालं. अ‍ॅम्ब्युलन्स दाभोशाला बाळंतीण आणायला गेलेली. ती येईपर्यंत पोर रडायचं थांबलं, आणि तेव्हा मी खरी घाबरले. नाशिकपर्यंत सोबत गेले. घाटातल्या प्रत्येक वळणावर त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते. तिथल्या सर्जनने तोंडातूनच चीर देऊन पू काढला. पाचव्या दिवशी मी पुन्हा बघायला गेले, तेव्हा माघ्याने डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. दातवालीला ओळखलं असावं.

आता तुझा अहवाल. त्याची प्रत माझ्यापर्यंत आली. 'आजीने अस्वच्छ बोटाने हिरड्या चोळल्यामुळे संसर्ग.' अक्षर सुरेख आहे. बोटानेही होऊ शकतं, मी नाकारत नाही. पण त्याला अंगावर पाजणाऱ्या सरूच्या छातीत गळू होतं. ती ते तुला दाखवणार नव्हती आणि तूही विचारलं नाहीस. जिजा सिस्टरने विचारलं. गळवातल्या पूमध्ये आणि पोराच्या टाळूतल्या पूमध्ये एकच जंतू निघालाय. आणि धोंडीबाई म्हणते, वरती पिकलाय हे तिने तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू म्हणालास, आजी, आधी तोंडात बोटं घालणं बंद कर.

तिने ते मनावर घेतलंय. तीन आठवड्यांनी नाशिकहून सुटून काल ती सगळी मला भेटायला आली. म्हातारीच्या उजव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली. जखम असेल म्हणून सोडायला गेले, तर तिने हात पदराखाली नेला. बोटाला काही झालेलंच नाही. माघ्या रडत होता, सरूचे हात भरून आले होते, तरी आजीने नातवाला घेतलं नाही. माझ्या बोटानं झाला ना, डॉक्टर बोलला, म्हणाली. मी नाही म्हणून सांगितलं, पण मी पडले दातांची. तिला तुझाच शब्द हवा. अहवाल तू दुरुस्त करशीलच, नाहीतर मी आहे. पण त्याआधी सूर्यमाळला जा. ती चिंधी तुझ्या हाताने सोड आणि पोर तिच्या मांडीवर दे. मग आत कुठे बोट लावलं की कळतं, ते तिच्याकडून शिकून घे. शिकण्याआधी हात मात्र धुऊन घे.

तुझीच,
दातवाली ताई