जरा बाजूला व्हा

३ मार्च
सामान लागलं. तळमजल्यावर एकामागे एक तीन खोल्या: स्वयंपाकघर, मधली, आणि बाहेरची, जिथे आईची खाट. कुठेही उंबरा नाही. आईच्या मोडलेल्या खुब्यासाठी हे घर घेतलं, असं सगळ्यांना सांगितलंय. सपाट फरशी पाहून मला माझी गाडी सुचली, हे सांगितलं नाही.
डॉक्टरांची ताकीद आहे: आईनं एकटीनं पाय खाली टाकायचा नाही. पुन्हा पडली तर कायमची खाटेवर.

४ मार्च
गाडी तयार. जुन्या प्रिंटरच्या मोटारी, खेळण्यातली चाकं, भंगारवाल्याकडचा अंतर मोजणारा सेन्सर. स्वयंपाकघरापासून खाटेपर्यंत काळी टेप चिकटवली आहे. गाडी तिच्यावरून जाते. समोर तीस सेंटिमीटरवर काही आलं की थांबते. आकडा तिच्या पाठीवरच्या पडद्यावर दिसतो. आईनं बटण दाबलं की मी भरून ठेवलेलं पाणी आणि गोळ्या तिच्यापाशी. आई म्हणाली, स्वतःला पाच पावलं चालावं लागू नये म्हणून किती राबलाय बघा. मग तहान नसताना दोनदा पाणी मागवलं.

६ मार्च
दुपारी गाडी मधल्या खोलीच्या दारात थांबली. आकडा तीस. समोर काहीच नाही. सेन्सर बदलला. पुन्हा तिथेच. ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या वस्तू तुझ्यावरच जाणार, अर्ध्या वाटेत बसणाऱ्या.

७ मार्च
आज दोन फरश्या पुढे थांबली. पुठ्ठा धरून तपासलं. मोजमाप बरोबर आहे. सगळे जोड पुन्हा सोल्डर केले.

८ मार्च
आणखी दोन फरश्या पुढे. आई वाट पाहून कंटाळली आणि पाय खाली टाकायला निघाली. वेळेवर पोचलो. मग घाईघाईत उपाय केला. दोष सापडला नाही की आम्ही छंदवाले तो झाकणाऱ्या चार ओळी प्रोग्राममध्ये लिहितो. आता गाडी थांबली की माझ्या आवाजात म्हणेल, जरा बाजूला व्हा. दहा सेकंदांनी पुन्हा मोजेल. निदान हाक ऐकून मला तरी कळेल.

९ मार्च
गाडी थांबली. बोलली. आकडा तीसवरून दोनशे चाळीसवर गेला, वाट मोकळी झाली. मी खूश.
जेवताना घास हातात राहिला. दोषाला सांगितलेलं कळत नाही.

१० मार्च
थांबलेल्या जागांवर खडूच्या खुणा केल्या. चारही एका रेषेत, खाटेच्या दिशेने. परवापर्यंत ते कुठे आहे हे तरी समजत होतं. आता टेपवर नाही. मीच बाजूला केलं.

११ मार्च
आई खाटेच्या अगदी कडेला झोपली होती. भिंतीकडची अर्धी खाट मोकळी. पडेल म्हणून आत सरकवलं. तासाभरात पुन्हा कडेला. विचारलं तर म्हणाली, उभं राहून दमते रे ती, टेकू दे की. ताईला फोन लावला, आईला घेऊन जा म्हटलं.

१२ मार्च, सकाळ
ताई यायला निघाली, आईला न्यायला. दोन तास लागतील. आईचा एक पाय खाटेखाली लोंबतोय — धरून बसलोय. गाडी उचलून मोकळ्या उशीच्या वरून भिंतीकडे रोखली. भिंत हातभर लांब. आकडा नऊ.

१२ मार्च, थोड्या वेळाने
आईला चाकांच्या खुर्चीत घालून फाटकापाशी आणलं. ऊन आहे. रस्त्यावर माणसं आहेत. गाडी हातात धरून आईभोवती फिरवली. चारी बाजूंनी मोकळं. पुन्हा फिरवली. मोकळं.
मला रडू आलं. आई म्हणाली, घाबरतोस काय, मी सांगितलं तिला, माझं राहू दे, त्याच्याकडे बघ जरा, दिवसभर एकटा असतो.

गाडी समोरच्या पायरीवर ठेवली आहे, तोंड माझ्याकडे. मोजपट्टीने मोजलं — गाडीपासून माझ्या छातीपर्यंत नव्वद.
पडद्यावर चाळीस.
मी हललेलो नाही.
पंचावन्न. ताई अजून —
सत्तर. आईपाशी नाही, एवढं बरं. आई पेंगते आहे.
ऐंशी.
अठ्ठ्याऐं