नऊ दिवसांची साय

अंबरनाथ पूर्व,
गुरुवार, दुपारची भांडी आवरल्यावर

ती. मैत्रेयीताईंस,

धाकट्या जावेचा, म्हणजे संध्याचा, सप्रेम जयभीम. तुम्ही, विक्रांतभाऊजी, दोन्ही मुलं आणि तुमची तीन बर्नरची शेगडी असे सगळे खुशाल असाल. (असणारच. उल्हासनगरच्या कॅम्प पाचला कोणाला काही होत नाही, तुमची मुलं तर कारलीसुद्धा मागून खातात म्हणे.) इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत. ह्यांचा खोकला गेला, तेजस्वीचा पुढचा दात पडला, आणि माझ्या पोटात दुखतं. डॉक्टरांना दाखवलेलं नाही, कारण ते तुमच्या घरचा फोन आला की दुखतं, एरवी नाही.

आजच्या काळात पत्र कसलं लिहितेय, असं तुम्हाला वाटेल. पण तुमचा फोन हल्ली आईंच्याच हातात असतो आणि आपल्या सासूबाई व्हॉइस मेसेज स्पीकरवर लावून, जिन्यात उभ्या राहून ऐकतात. म्हणून हे पाकीट ह्यांच्या डब्याच्या पिशवीत घालून पाठवतेय, चार पिना मारून. त्यातली एक जरी सुटलेली दिसली तर तुमच्या दिरांना जाब विचारा.

आता मुद्द्याचं. आई तुमच्याकडे गेल्या त्या वर्षावासासाठी. तुमच्या विहारातलं ग्रंथवाचन चांगलं असतं, आमच्या इथे वाचणाऱ्या बाई मधेच पाणी प्यायला उठतात, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, जाऊ द्या, तीन महिन्यांचा प्रश्न आहे. मग अश्विन पौर्णिमा झाली, खीरदान झालं, ग्रंथ कपड्यात गुंडाळून कपाटात गेला. आई काही आल्या नाहीत. नंतर दिवाळीची सुट्टी होऊन मुलांच्या शाळा उघडल्या, तरी नाहीत. विचारलं की सांगतात, येते गं, थोडे दिवस थांबते, मैत्रेयीच्या हातचं खाऊन अंगाला लागतंय. मैत्रेयीताई, बारा वर्षं त्या माझ्या हातचं खात होत्या. ते कुठे लागत होतं, एवढं मला कोणीतरी सांगावं.

तुम्ही म्हणाल, संध्या जळते. हो, जळते. लपवून काय करू. आपल्या दोघींची परिस्थिती सारखीच. भाऊजींचा ओव्हरटाइम बंद आहे, ह्यांच्या कंपनीत आठवड्यातून दोन दिवस मशीन उभी असते. मी शिवमंदिर रोडच्या बाजारात दिवेलागणीनंतरच जाते, म्हणजे भाजीवाल्या किलोचा तराजू आवरून ठेवतात आणि उरलंसुरलं वाट्यावर विकतात. वाट्यात जे येईल ते आम्ही खातो. एका आठवड्यात सहा वेळा दुधी आला तर सहा वेळा दुधी. कढीपत्ता फुकट मागायचा तर त्यासाठी मी भाजीवालीच्या सुनेची चौकशी करते, तिच्या माहेरचीही करते. कूट चमच्याने मोजून घालते. आणि एवढं करून आमच्या ताटाकडे बघून कोणी काही बोलत नाही, तुमच्या ताटाची मात्र बातमी होते.

तर अशीच बातमी गेल्या महिन्यात आली. आई फोनवर म्हणाल्या, आज मैत्रेयीने सायभाजी केली होती, शेजारच्या सिंधी मावशींनी शिकवली, दोन पोळ्या जास्त गेल्या. पुन्हा तीन दिवसांनी तेच. पुन्हा रविवारी तेच. मला त्या रात्री झोप लागली नाही. सायीची भाजी. एक पगार, पाच माणसं, आणि ही बाई भाजीत साय घालते. आमच्याकडे साय साठवतात ती महिन्याकाठी वाटीभर तूप कढवायला आणि तेही तेजस्वीच्या पोळीपुरतं. मी दोनच अर्थ काढले. एक तर काटकसरीच्या गोष्टी तुम्ही आम्हाला खोट्या सांगता, नाहीतर तुमचा दूधवाला तुम्हाला वेगळ्या मापाने घालतो. (दुसरा विचार मी ह्यांना बोलून दाखवला. हे म्हणाले, तू जरा पडून घे.)

मी पण मनात धरलं. आईंना सायीचीच भाजी लागते ना, तर करून दाखवू. तुम्हाला विचारायचा प्रश्नच नव्हता, तुमच्यापुढे तोंड वेंगाडण्यापेक्षा मी जीभ चावून घेतली असती. आमच्या पिशवीच्या दुधावर साय येते ती कांद्याच्या पापुद्र्याएवढी, फुंकर मारली तर पलीकडे जाऊन चिकटते. म्हणून अर्धा लिटर म्हशीचं सुटं दूध वरून लावलं आणि त्यासाठी तेलात हात आखडता घेतला. नऊ दिवस घरात बिनफोडणीचं वरण होतं. चहाला खालचं निळसर दूध. हे दोन दिवस गप्प प्यायले, तिसऱ्या दिवशी म्हणाले की कंपनीच्या कँटीनचा चहा सुधारलाय. साय मी स्टीलच्या डब्यात फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवत होते. सहाव्या दिवशी डबा आदल्या दिवसापेक्षा हलका लागला. तेजस्वीला विचारलं तर तिने तोंड न उघडता मान हलवली. दात पडलेल्या तोंडाला साखर घातलेली साय सोयीची, चावावी लागत नाही, हे मला नंतर समजलं.

नवव्या दिवशी, रविवारी, आई नातीला भेटायला म्हणून आल्या, तुम्हीच रिक्षात बसवून दिलंत. आल्या आल्या मी त्यांची पिशवी बघितली. हातातली कापडी. औषधांची निळी पिशवी आणलेली नव्हती. म्हणजे मुक्कामाचा विचार नाही, हे उघड होतं, पण मला वाटलं, जेवणानंतर बदलेल. सिंधी मावशी काय काय घालतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी आपल्या अकलेने सायीला शोभेल अशी पांढरी भाजी निवडली. दुधी. (वाट्यात तोच होता, हेही खरं.) जिऱ्या-मिरचीवर परतला, शिजत आला, आणि वरून नऊ दिवसांचा डबा उपडा केला. ताई, साय तोवर आंबली होती. ती कढईत पडली आणि मिसळायच्या ऐवजी सुटायला लागली. वर पिवळं तूप तरंगलं, तळाला बेरी धरली आणि दुधीच्या फोडी मधल्यामधे पोहत राहिल्या. वास सगळ्या मजल्यावर गेला. आई मोरीवरून हात धुऊन आल्या, कढईत डोकावल्या आणि फार शांतपणे म्हणाल्या, "तूप कढवतेस ते ठीक, पण त्यात दुधी कशाला टाकलास गं?"

मी म्हटलं, नवीन पद्धत आहे. त्यांनी वरचं तूप डावाने काढून भातावर घेतलं आणि तूप छान झालंय म्हणाल्या. ह्यांनी लोणच्याशी जेवण उरकलं. तेजस्वीने फोडीवर साखर मागितली. चार वाजता आई कापडी पिशवी उचलून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, निघते, मैत्रेयीने पालक आणून ठेवलाय सायभाजीला, निवडायला बसायचंय. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले आणि परत येताना जिन्यातच बसले थोडा वेळ.

बसल्या बसल्या डोक्यात पालक अडकला. सायीत पालक कोण घालतं? दुसऱ्या दिवशी चंदरच्या दुकानात गेले. चंदर आमचा किराणावाला, उल्हासनगरचाच सिंधी, जन्म इथला आणि मराठी अर्धी. त्याला आडून आडून विचारलं की तुमच्या सायभाजीत मलई किती घालतात. त्याने हातातली डाळ तराजूवरच सोडली.

"भाभी, मलई किसने बोला? साई म्हणजे हिरवी. आमच्या सिंधीत हिरव्याला साई बोलतात. पालक डालो, चुका डालो, चना डाळ डालो, घर में जो पडा है वो डालो. कुकर में घोटून टाकायचं, ऊपर लसणाची फोडणी. गरीब की भाजी है."

माझा मलईचा प्रश्न त्याने मग गिऱ्हाइकांनाही सांगितला, एकेकाला गाठून. आता मी वाणसामान आणायला तेजस्वीला घेऊन जाते, म्हणजे तिच्याकडे बघितल्यासारखं करता येतं.

ताई, तुम्ही खरंच साय घालत असतात ना, तर मी तुम्हाला माफ केलं असतं. पैसा ओतला, चव आली, असं म्हणून गप्प बसले असते. पण वीस रुपयांचा पाला, मूठभर डाळ, फ्रिजमधलं उरलेलं वांगं आणि एक गाजर, एवढ्यावर तुम्ही माझी सासू पळवलीत. (तुमचीही आहे, मान्य.) हे मात्र माझ्याने सहन होत नाही. मी कालच तसं करून बघितलं. रंग भिंतीला मारायच्या ऑइलपेंटसारखा आला आणि ह्यांनी विचारलं की हे लावायचं आहे की खायचं आहे.

असो. राग मानू नये. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, शेगडीला काही नाही.

तुमची धाकटी जाऊ,
संध्या

ता. क. १ : साईभाजीची कृती तुमच्या हाताने लिहून ह्याच पिशवीतून पाठवावी. चुका किती, शिट्ट्या किती, घोटायचं कधी, सगळं. माझ्यावर मेहरबानी करता आहात असं कुठेही वाटेल असं लिहू नये.

ता. क. २ : कृती हे निमित्त आहे. आईंना पाठवा. ओट्याशी उभी राहिले की पाठीमागच्या पाटावरून कोणीतरी सांगायचं, आच मोठी आहे, कांदा जाड चिरलास, एवढं तेल कशाला. मला त्याचा फार राग यायचा. आता कांदा कसाही चिरला तरी कोणी बोलत नाही आणि मला जेवण जात नाही. तुमचा हेवा वाटतो तो भाजीचा नाही, तुमच्या चुका काढायला घरात माणूस आहे त्याचा.

ता. क. ३ : पाकिटाला पिना मारतानाच आईंचा फोन आला. रोजच्यासारखं, काय केलंस आज. म्हटलं, वरण-भात. मग विचारलं, मीठ बरोबर पडलं का. मी म्हटलं, नाही हो आई, हल्ली रोज खारट होतंय, अंदाजच येत नाही. त्या म्हणाल्या, "मी नसले की असंच. उद्या येते, निळी पिशवी घेऊन." ताई, वरणात मीठ अगदी बेताचं होतं. हे त्यांना सांगू नका. कृतीही राहू द्या.