पुलापलीकडची हाक

मंगापोहा,
१२ फेब्रुवारी १९९४

चि. पाओरा यास,
दुरूनच नाकाला नाक लावून ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. समुद्रापलीकडच्या खाणीतल्या उन्हानं रंग उतरला म्हणतोस. तो मुळात चढला होता कधी? भावजय तुला वेळेवर जेवायला घालते एवढं वाचून बरं वाटलं.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. पण खुशाल काही नाही. जानेवारीच्या पुरानंतर कौन्सिलनं आपल्या पुलाला दोन्ही टोकांनी जाळी ठोकली आणि कुलूप घातलं. मला वाटलं, डागडुजी करतील. परवा आपला रोपाता येऊन सांगून गेला की पूल पाडूनच टाकायचं घाटतंय. पलीकडे घरं थोडी, खर्च मोठा. तज्ज्ञांचा अहवाल यायचाय, मग उपसमिती बसेल, मग बघू म्हणे. हा आपल्या थोरल्या बहिणीचा मुलगा, आपल्याच मतांवर कौन्सिलात गेलेला! घरोघर फिरून मीच त्याच्यासाठी मतं मागितली होती. आता माझ्या स्वयंपाकघरात टाय लावून बसतो आणि मला 'मतदार' म्हणतो. मी त्याला तळलेला पाव वाढला, पण मुरंबा दिला नाही.

पलीकडे आपलं सभाघर आहे, होहेपाकाकांचं घर आहे आणि आपली सगळी माणसं पुरलेली आहेत. पूल गेला की हे सगळं हळूहळू रानात जाईल. याच पुलासाठी आईनं कौन्सिलच्या दारात ठाण मांडलं होतं. तू तेव्हा तिच्या कडेवर होतास आणि अध्यक्षांच्या टेबलावर मुतलास. त्याच दिवशी ठराव मंजूर झाला, म्हणून या पुलात पाओराचाही वाटा आहे असं ती शेवटपर्यंत सांगायची.

ईस्टरला तिला जाऊन वर्ष होतंय. रीतीप्रमाणे तिच्या थडग्यावर नावाची शिळा बसवून तिच्यावरचं वस्त्र काढायचं. पूल बंद, शिळा न्यायची कशी ते मी बघते. खरी अडचण वेगळीच आहे. काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. सभाघरापुढच्या बाकावर बसून पाहुण्यांना उत्तर देणारा घरचा पुरुष आता उरला नाही. शेजारच्या खोऱ्यातून वक्ता उसना आणू का? आईच्या शिळेपुढे उसना माणूस उभा राहिला तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पाहुण्यांना आत बोलवायची हाक मी देते, गाणं मी उचलते, पण आपल्या अंगणात भाषण बाईनं करायचं नाही. नाहीतर तुझी मनधरणी केली नसती.

तू येऊन उभा राहा. भावजयीस आशीर्वाद. लोभ आहेच, पण तिकिटाचंही बघ.

तुझी,
करारैनाताई

कालगूर्ली,
२ मार्च १९९४

ती. ताईस,
पाओराचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून झोप उडाली. येईन म्हटलं तर भीती वाटते आणि नाही म्हटलं तर तुझी भीती वाटते.

ताई, मी सतराव्या वर्षी घर सोडलं. आपली भाषा मी इथं फक्त ट्रकला शिव्या द्यायला वापरतो. काकांसारखं डोंगरापासून सुरुवात करायची, नदीला नमस्कार करायचा, पणज्यांची नावं एकामागून एक घ्यायची, हे मला जमेल असं तुला वाटतं तरी कसं? मधेच अडलो तर? मी लहान असताना एक लांबचे मामा फार वेळ बोलत राहिले होते. पिरिहिराआत्या शाल सावरून उठली, बाकीच्या बायका तिच्यामागे उठल्या आणि गाणं सुरू झालं. गाणं सुरू झालं की वक्त्यानं बसायचं. मामा अर्ध्या वाक्यात बसले आणि पुन्हा कधी आपल्या अंगणात दिसले नाहीत. तसं माझं आईच्या शिळेपुढे झालं तर मी खाणीतून वर येणारच नाही.

मला वाटतं, शिळा पुढच्या वर्षावर टाकावी. तोवर पुलाचंही काही ठरेल. राग मानू नकोस. काकांना मध पाठवतोय, त्यांच्या घशाला बरा.

माया कमी करू नकोस, एवढीच विनंती.

तुझा,
पाओरा

मंगापोहा,
१४ मार्च १९९४

चि. पाओरास,
अ. उ. आ. (रागावून, पण आशीर्वादच.)

शिळा आली आहे. माझ्या ओट्यावर आईच्याच गोधडीत गुंडाळून ठेवली आहे. रोज सकाळी तिच्याशेजारी चहा घेते आणि कौन्सिलच्या बातम्या वाचून दाखवते. तिला पुढच्या वर्षापर्यंत ओट्यावर ताटकळत ठेवायचं म्हणतोस? ते जमणार नाही. आईला कुणाची वाट बघायला आवडायचं नाही.

मी एक काम केलं आहे. महापौर ग्लेनिसबाई आणि त्यांचे इंजिनीअर यांना शिळेच्या दिवशी जेवायला बोलावलं. रोपातालाही बोलावलं, पण पाहुणा म्हणून, त्यांच्या बाजूला उभा राहायला. बाईंचं उत्तर आलं की आनंदानं येऊ. खड्ड्यात भाजलेलं मटण आणि रताळी असतील हे मी लिहिलंच होतं. नदी कशी ओलांडायची ते मात्र लिहिलं नाही. पूल कुणी बंद केला हे त्यांना ठाऊक असेलच.

राजकारणात आपण फार भाबडे राहिलो, पाओरा. घरच्या माणसाला मत दिलं की घरचं काम झालं असं मी धरून चालले होते. आई मत द्यायची आणि दुसऱ्या दिवशी दारात जाऊन बसायची.

तुझ्या भीतीचं म्हणशील तर पिरिहिराआत्या आता गुडघ्यांनी बेजार आहे, गाणं मी उचलते. मी असताना तुझं भाषण कोण तोडतं ते बघते. काका बोलू शकत नाहीत, पण भाषणाला हातात धरायची त्यांची काठी रोज तेल लावून पुसून ठेवतात. काठी तुझ्यासाठी आहे हे मी सांगायची गरज नाही.

ये. वाट बघते, आणि मलाही वाट बघायला आवडत नाही.

तुझी,
करारैनाताई

कालगूर्ली,
१२ एप्रिल १९९४

ती. ताईस,
पाओराचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. निघताना तुझ्याशी बोलायचं होतं ते जमलं नाही. म्हणून लिहितो. शिवाय त्या सकाळी तू पलीकडे सभाघरापाशी होतीस, अलीकडे काय झालं ते तू पाहिलं नाहीस. आणि रोपाता तुला सांगायचा नाही.

मी आणि खोऱ्यातल्या पोरांनी शिळा गवत ओढायच्या लाकडी घसरगाडीवर बांधली होती. काठ ढासळलेला, म्हणून ट्रॅक्टर नेता येईना. तेवढ्यात ग्लेनिसबाईंची गाडी आली. बाईंचे बूट नवे, रोपाताचा टाय नवा. बाईंनी पुलाचं कुलूप पाहिलं, मग नदी पाहिली. रोपातानं खिशातून किल्ली काढली आणि म्हणाला, पाहुण्यांपुरतं आजच्या दिवस उघडू. बाईंनी इंजिनीअरला विचारलं, पूल धड आहे का. तो म्हणाला, नाही, म्हणून तर बंद केला. मग बाई खाली बसल्या, बूट काढले आणि म्हणाल्या, शिळा जाईल तशी मीही जाईन.

मधल्या धारेत पाणी कमरेला लागलं आणि घसरगाडी एका अंगाला कलली. मला वाटलं, आई गेली वाहून. तेव्हा बाईंनी खांदा लावला, इंजिनीअरनं लावला, आणि रोपातानंही लावला. त्याचा टाय पाण्यावर तरंगत होता. आईला तो आवडला असता. रोपाता म्हणतोय मी, टाय नव्हे.

मग पाहुणे सभाघराच्या फाटकापाशी थांबले आणि तुझी हाक आली. ताई, जन्मापासून ती हाक ऐकतो आहे, पण ओल्या अंगानं शिळेशेजारी उभं राहून कधी ऐकली नव्हती. बाई रडत होत्या. एक शब्द कळला नसेल त्यांना. मी मागच्या वाटेनं पळत येऊन ओल्या विजारीनंच बाकावर बसलो. काकांनी काठी माझ्या हातात दिली आणि हात तसाच धरून ठेवला.

पुढचं तू पाहिलंस, पण माझ्या बाजूनं कसं होतं ते ऐक. डोंगर आला, नदी आली, आईचं नाव आलं, आणि मग काहीच येईना. सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. तू उठलीस. मला वाटलं, संपलं, आता बसायचं. पण तू उचललंस ते आईचं भांडी घासतानाचं गाणं, ज्यात पणज्यांची नावं ओळीनं येतात. प्रत्येक नाव माझ्याकडे बघून म्हणालीस. गाणं सुरू होताच मी बसायला हवं होतं. मी बसलो नाही, ते थांबल्यावर पुढे बोलत राहिलो, आणि एकाही म्हातारीनं हरकत घेतली नाही. माझं भाषण तोडण्यासाठी उठायचं हत्यार तू मला सावरायला वापरलंस. मला इतकं बरं आयुष्यात क्वचित वाटलं असेल.

रोपाता मात्र वाचला नाही. पाहुण्यांच्या वतीनं बोलायला उठून त्यानं पुलाचा अहवालच काढला, आणि दुसऱ्या मुद्द्यावर तुम्ही सगळ्या गात उठलात तेव्हा त्याचा चेहरा पाहवेना. आणि बाईंना वाटलं त्याचा सत्कार चाललाय, म्हणून त्या उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या! इथं कामावर आठवण आली की मी एकटाच हसतो. मुकादमानं दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना.

पुलाचं काय होतं ते लगेच कळव. लोभ आता जरा जास्तच असू दे.

तुझा,
पाओरा

मंगापोहा,
२८ एप्रिल १९९४

चि. पाओरास,
अ. उ. आ., आणि पिरिहिराआत्याचे, काकांचे, सगळ्या खोऱ्याचे.

पूल होणार. आधी हे लिहून टाकते, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील.

कौन्सिलच्या बैठकीच्या आदल्या दिवशी रोपाता आला. टाय नव्हता. विचारत होता, मावशी, त्या दिवशी माझं काय चुकलं. मी म्हटलं, तू आमच्या अंगणात येऊन कौन्सिलच्या वतीनं बोललास. कौन्सिलात आमच्या वतीनं कधी बोललास ते सांग. उठून माझ्या कपबशा विसळल्या त्यानं. मग मी मुरंबा काढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बायका लवकर जाऊन मागच्या बाकांवर बसलो. इंजिनीअर उभा राहिला आणि त्यानं अहवाल वाचायला घेतला. माणूस वाईट नाही, नदीत खांदा लावला होता त्यानं, पण कागद हातात आला की त्याला थांबता येत नाही. पहिलं पान झालं, दुसरं सुरू झालं. पिरिहिराआत्यानं शाल सावरली. गुडघे धरून उठली. तिच्यामागे मी उठले, मग सगळी रांग. आम्ही तोंड उघडलं नव्हतं, पाओरा, शपथेवर सांगते. नुसत्या उभ्या राहिलो. रोपाता पांढराफटक पडला आणि झुकून बाईंच्या कानात काहीतरी बोलला. बाईंनी आमच्याकडे पाहिलं. ईस्टरला आपण टाळ्या कशाला वाजवल्या ते त्यांना तेव्हा कळलं असावं, कारण कानापर्यंत लाल झाल्या. मग इंजिनीअरला म्हणाल्या की सारांश पुरे. तो बसला.

मग आपला रोपाता उठला. कागद नव्हता हातात. एवढंच बोलला: "माझ्या आजीची शिळा नदीतून न्यावी लागली. माझ्या मावशीची नदीतून नेणार नाही. पूल बांधा."

माझ्या शिळेची त्याला एवढी घाई का, हे मी नंतर विचारणार आहे. पण त्या क्षणी मी रडले. हात वर झाले. गोल्फ मैदानाच्या बाजूचे एक गृहस्थ तेवढे विरुद्ध होते, त्यांचा हातही अर्धा वर येऊन खाली गेला. आणि मग आम्ही तोंड उघडलं. आईचं गाणं आम्ही कौन्सिलच्या भिंतींना पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं. बाई उभ्या राहिल्या, पण या खेपेस टाळ्या वाजवल्या नाहीत. शिकतात हळूहळू.

घरी आले आणि रिकाम्या ओट्यावर बसून चहा घेतला. बातमी सांगायला शिळा नव्हती. मग दुसऱ्या दिवशी नदी ओलांडून गेले आणि आईलाच सांगून आले.

काका रोज बाकावर बसतात. शेजारची जागा रिकामी असते. मी काही म्हणत नाही, फक्त कळवते.

तुझी,
करारैनाताई

कालगूर्ली,
२० जानेवारी १९९५

ती. ताईस,
पाओराचा शि. सा. न. वि. वि.

पूल पुढच्या महिन्यात खुला होतोय हे वाचलं. फीत बाई कापणार, पण पहिलं पाऊल काकांचं, हे बाईंनीच सुचवलं हे वाचून फार आनंद झाला. त्यांना आता आपल्यात धरायला हरकत नाही.

काल मुकादमाला सांगितलं की मी काम सोडतोय. त्यानं विचारलं, घरी कुठली नोकरी मिळाली. मी म्हटलं, बाकावर बसायची. तुझी भावजय म्हणते, तिला नदी चालेल, फक्त ताईंच्या हाताखाली स्वयंपाकघरात सांभाळून घ्या. मी ट्रकमध्ये रोज पणज्यांची नावं घोकतो. अजून एका ठिकाणी अडतो, पण तिथं अडलो तरी काय करायचं ते तुला माहीत आहे.

एक मागणं आहे. पूल उघडेल त्या दिवशी मी लगेच तुमच्या बाजूला येऊन उभा राहणार नाही. अलीकडे पाहुण्यांत थांबेन. इतकी वर्षं बाहेर काढलेल्या माणसानं आपणहून आत येऊ नये. तू सभाघरापुढून हाक दे, मोठ्यानं, पूलभर ऐकू जाईल अशी. मी आईच्या पुलावरून चालत येईन आणि काकांशेजारी जाऊन बसेन.

मला एवढी एकच हाक दे. पुढच्या वेळी पाहुणे येतील तेव्हा मी घरचा असेन.

तुझा,
पाओरा