डुकराचा झेंडा

२५ मे २०२५, रविवार

मिळाला! फाहनेनपास मिळाला! तीन वर्षं फॅनब्लॉकच्या मागच्या रांगेत उभी राहिले, चाहत्यांचा म्होरक्या उवे, त्याचा ढोल कानाशी सहन केला, झेंड्याच्या काठीची लांबी दोनदा मोजून कळवली, तेव्हा कुठे हे लॅमिनेट केलेलं कार्ड गळ्यात पडलं. आता मोठा झेंडा मी आत नेऊ शकते. आणि आमच्या डार्मश्टाट कायलरने टचडाउन केला की मैदानाच्या कडेने झेंडे घेऊन सहाजण धावतात ना, त्यातली एक — मी! वय एकेचाळीस, गुडघे पंचावन्न.

झेंडा निळा. मधोमध सुळेवालं रानडुक्कर, कायलर म्हणजे तेच. सुयशला कार्ड दाखवलं तर म्हणतो, "आधारवरचा फोटो बरा आहे यापेक्षा." नवरा!

मंगळवारी सासरे येताहेत चंद्रपूरहून. मामाजी. व्हिसा नव्वद दिवसांचा. मामीजी गेल्यापासून फारसे बोलत नाहीत म्हणे. त्यांना माझं हे अमेरिकन फुटबॉलचं वेड सांगायचं की लपवायचं?

२९ मे

जर्मन सुट्टी. आजचा पूर्ण संवाद — "मामाजी, चहा?" "हो." "फिरायला जाऊ या?" "नको." दिवसभर बाल्कनीत बसून ट्राम बघत होते. एक गेली की दुसरीची वाट.

१ जून

मामाजींना केलरमधून, म्हणजे तळघरातून, लोणच्याची बरणी आणायला पाठवलं, तर माणूस पेटून वर आला! हातात बरणी नाही, माझा झेंडा.

"हे का होय? झेंडा फरशीवर? सायकलच्या चाकाखाली?"

"मामाजी, तो टीमचा आहे. खेळाच्या."

"कोणाचा का असेना."

मग उलगडून पाहिला. डुक्कर दिसलं. बराच वेळ मामाजी आणि डुक्कर एकमेकांकडे बघत राहिले.

"डुक्कर होय?"

"हो."

"बरं. इस्त्री दे."

वीजमंडळातली नोकरी सांभाळून मामाजींनी चाळीस वर्षं विहारावरचा झेंडा रोज चढवला, रोज उतरवला. शिवायच्या मामीजी. एवढं मला माहीत होतं. सुयशने चहा पिता पिता आणखी एक सांगितलं — आई गेली त्या संध्याकाळीसुद्धा बाबा उठून विहारात गेले, झेंडा उतरवला, घडी केली आणि मगच येऊन रडले. हे मला माहीत नव्हतं. बारा वर्षं झाली लग्नाला आणि मला माहीत नव्हतं.

रात्रीच्या जेवणाआधी माझी शिकवणी. चार घड्या, किनार आत, एकही टोक जमिनीला लागता कामा नये. तीनदा करायला लावली. तिन्ही वेळा नापास.

१५ जून, रविवार

घरच्या मैदानावर पहिला सामना. मामाजींना घेऊन गेले. पासवाल्याला एक मदतनीस चालतो, आणि सुयशला खेळाचा कंटाळा.

सामन्याआधी पार्किंगमध्ये ब्लॉकचा महाकाय झेंडा पसरतात, चाळीस-पन्नास माणसं त्यावर बुटांनी चालत सुरकुत्या काढतात. मामाजींनी हे पाहिलं. स्वतःचे बूट काढले आणि झेंड्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. उवेकडे पाहिलं. मग उवेच्या बुटांकडे. मग परत उवेकडे.

उवे एकशे वीस किलोचा, मानेवर डुक्कर गोंदलेलं. मला विचारतो, "हे काय म्हणताहेत?" म्हटलं, "अजून काहीच नाही. म्हणायच्या आधी काढ."

काढले! मग सगळ्यांनीच काढले. पन्नास जर्मन मोज्यांवर! पायाचे अंगठे बाहेर आलेले, एकाच्या मोज्यांवर सांताक्लॉज. मला हसू आवरेना. पण घडी अशी झाली की उवेच्या डोळ्यांत पाणी. "एंडलिश! शेवटी कोणीतरी शिस्तीचा माणूस मिळाला." जर्मनांना नियम दिला की ते तुमचेच.

दोन टचडाउन. दोनदा धावले. मेले नाही.

२९ जून

मामाजी उवेला 'उवेभाऊ' म्हणतात. कुठल्या भाषेत बोलतात दोघं, कुणास ठाऊक. आज घरी आल्यावर आपणहून मामीजींचा विषय काढला. निळं कापड घ्यायला त्या थेट नागपूरला जायच्या आणि दुकानदाराशी भांडून यायच्या. मामाजी हसले.

१३ जुलै

लिहू की नको?

शेवटची दोन मिनिटं. आम्ही तीन गुणांनी मागे. मामाजी माझ्याशेजारी, कडेला, झेंडे सांभाळत. पाहुण्या टीमने आमच्या खेळाडूला नियम मोडून धरलं — स्पष्ट फाउल, अगदी आमच्यासमोर. फाउल झाला की रेफरी पिवळं फडकं मैदानात फेकतो. ते जिथं पडतं ती जागा धरून पुढची शिक्षा मोजतात. हे पोराटोरांना ठाऊक. मामाजींना कोणी सांगितलं होतं? मी तर नाहीच. आधीची फडकी पडली ती लांब, गर्दीत.

त्यांना दिसलं ते एवढंच, की एका माणसाच्या हातून झेंडा पडला आणि खिळ्यांचे बूट घातलेले बावीस दांडगट त्याच्याकडे पळताहेत. गेले! सत्तरीचा माणूस सरळ मैदानात. फडकं उचललं, झटकलं, चार घड्या, किनार आत. आणि दोन्ही हातांनी रेफरीला दिलं.

सामना थांबला. जागा नक्की कुठली यावर दहा मिनिटं भांडण. रेफरींनी दिली ती जागा खूप मागची. हरलो.

आणि मी — पार्किंगमध्ये, उवेसमोर, सगळ्यांसमोर ओरडले. "ते फडकं आहे मामाजी, फडकं! झेंडा नाही! एवढंच वेड आहे तर चंद्रपूरलाच राहायचं होतं!"

मामाजींनी बूट घातले. लेस बांधायला खूप वेळ लावला.

१९ जुलै

लीगचं पत्र. मामाजींना उरलेल्या मोसमात मैदानबंदी. मला शेवटची ताकीद: माझ्याकडून किंवा माझ्या माणसाकडून पुन्हा खेळात ढवळाढवळ झाली तर पास कायमचा रद्द. कायमचा हा शब्द ठळक अक्षरात, न कळायला मी काय लहान आहे.

मामाजी परत ट्राम बघताहेत. दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा "बरं" म्हणाले. हे "बरं" ते नव्हे.

९ ऑगस्ट

हल्ली निरोप सुयशमार्फत. "तिला सांग, दूध संपलं." मी तीन फुटांवर. दूध माझ्या हातात.

२२ ऑगस्ट

मामाजींना फ्रांकफुर्टच्या विमानतळावर सोडून आलो. सुयशला मिठी. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, बोलले नाहीत. मलाच गाडीत रडू आलं. सुयश म्हणाला, "अगं, बोलतील." कधी? वर्षभराने? माझ्या जिभेला हाड नाही हेच खरं.

केलरमध्ये गेले. झेंडा कपाटात वरच्या फळीवर, जुन्या धुतलेल्या चादरीत गुंडाळलेला. मामाजींनी कधी ठेवला?

२९ ऑगस्ट

रविवारी मोसमातला शेवटचा सामना, ऑनलाइन दिसणार. सुयशने बापाला लिंक पाठवली. उत्तर आलं, "विहारात मोठ्या पडद्यावर लावतो. सगळ्यांना बोलावलं आहे." सुयशने विचारलं, "हर्षाशी बोलता का?" तर नेटवर्क गेलं म्हणे. चंद्रपूरचं नेटवर्क मोठं समजूतदार.

पुढच्या मोसमात मी झेंडेवाल्यांची प्रमुख होणार, उवे म्हणाला. गप्प राहा, धाव आणि कार्ड सांभाळ. एवढंच करायचं आहे, हर्षा.

३१ ऑगस्ट, रविवार

तिसऱ्या क्वार्टरमध्ये फाउल. रेफरी तोच! पिवळं फडकं उडून थेट माझ्या बुटाशी पडलं. समोरून सगळे धावत येताहेत. मला नियम माहीत, पत्र पाठ, कार्ड गळ्यात.

वाकले. उचललं, झटकलं, घडी करून दोन्ही हातांनी त्याला दिलं.

लीगवाल्यांनी पास तिथंच काढून घेतला. उवेने कपाळावर हात मारला. ट्राममध्ये बसले तोच फोन वाजला — मामाजी. मागे विहारातला गलका.

"घडी चुकली, बाई. किनार बाहेर राह्यली."