कुसुमला बघायला आले तेव्हा

सांगली, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९४६

पाचगणीच्या कॉन्व्हेंटात थंडीच्या दिवसांत धाकटी बहीण वत्सू आणि मी एकाच शालीत बसून घोकायचो: ‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हणजे स्वीकारणे, ‘एक्सेप्ट’ म्हणजे वगळून. आज वत्सू असती तर?

तिच्या लेकीला, कुसुमला बघायला साताऱ्याहून माणसं आली होती. मुलाच्या मामांनी नेमके तेच दोन शब्द विचारले. पोरीने अचूक सांगितले.

“उलटं सांगितलंस, पोरी,” मामा पोहे चावत म्हणाले. मुलगा बी.ए. आहे म्हणे. तो बशीत बघत बसला. आणि कुसुमचे वडील, आमचे भाऊजी? “माफी माग मामांची.”

कुसुम उठली. मामांच्या हातातली अर्धी बशी तिने काढून घेतली. “बरोबर उत्तराची माफी कशी मागतात, मामा?” आणि आत गेली.

स्थळ मोडलं. भाऊजी अजून धुमसताहेत, मुलीच्या जातीनं वाकावं म्हणतात. असल्या गाढवापुढे? जन्मभर?

आजच लिहून ठेवते: माझ्यामागे पाटल्या सुनेला. कॉन्व्हेंटातली डिक्शनरी आणि ती शाल कुसुमला, लग्न होवो न होवो. शाल विटली आहे, पण ऊब आहे. भाऊजींना काही नको. मामांचे उरलेले पोहे सकाळी म्हशीला घालायला सांगितलेत, तिने खाल्ले तर.