हसनभाईचं पाणी

भाद्रपद वद्य १, शके १८६३

वारा थांबला. दोन दिवस असा वारा की बोललेलं ऐकू येईना. शाळेचे सात पत्रे गेले. एक कयाधूच्या पलीकडे बाभळीत अडकलाय, इथून दिसतो. पूर आमच्या दारापासून चार हातांवर येऊन परत फिरला. नदीकाठच्या आळीत भिंत म्हणून उभी नाही. तिथली माणसं काही मारुतीच्या देवळात, काही मशिदीत. जिथं छप्पर तिथं बसली, कोणी कोणाला काही विचारलं नाही.

सौ. माहेरी परभणीस. नदी उतरेपर्यंत येणं नाही. घरात आई आणि मी. आई म्हणते, पत्र्यांची शाळा बांधली तेव्हाच सांगितलं होतं. मला आठवत नाही.

भा. वद्य २

जोंधळा आडवा. पाटलांची म्हैस सापडत नाही. तालुक्याला अर्ज लिहिला, उर्दूत. पत्रे सात, घरं अमुक, गुरं तमुक. वाट बंद असल्याने अर्ज खिशातच आहे.

बारवेत पुराचं पाणी शिरून गढूळ झालंय. लोक तुरटी फिरवून पितात. आई तुरटीही फिरवू देत नाही. गाळ बसला की झालं म्हणते. सासरी आल्यापासून ती याच बारवेचं पाणी पिते, दुसरं तिला चालत नाही.

भा. वद्य ४

पाटलांची म्हैस सापडली. बारवेतच होती, तळाशी गाळात. आज फुगून वर आली. पाटलांनी शिंगावरून ओळखली. दोन दिवस गाव तेच पाणी पीत होतं. मी जेवलो नाही.

आता घोळ असा. मेलेलं जनावर ओढायचं काम महारवाड्याचं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आणि बारवेच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, हा नियमही महारवाड्यालाच. तेव्हा म्हैस काढायची कोणी? पाटील, जोशी आणि मी, तिघं काठावर नाकाला पंचा लावून उभे होतो. तिघांपैकी कोणालाही सुचेना. मी या गावातला शिकलेला माणूस.

भा. वद्य ५

गावात स्वच्छ पाणी एकाच विहिरीत उरलंय, महारवाड्यातल्या सटवाजीच्या. महारवाड्याच्या वर, माळावर, खडकात खणलेली. गावाने त्यांना खाली चांगली जागा दिली नव्हती म्हणून ती वाचली. छपरं मात्र त्यांची सगळी उडाली, माळावर वारा जास्त.

सकाळी कोणी तिकडे गेलं नाही. दुपारी हसनभाई पिंजाऱ्याने बैलगाडीवर लोखंडी पिंप बांधलं आणि मशिदीतल्या लोकांसाठी भरून आणलं. दुसरी खेप देवळातल्यांसाठी. तिसऱ्या खेपेला आमच्या आळीतल्या बायका घागरी घेऊन दारात उभ्या. परवापर्यंत हसनभाईने दिलेली सुपारीही धुऊन खाणारी मंडळी. आता त्याच्या गाडीवरून आलं की पाणी चालतं. कुठून आलं, कोणी विचारत नाही. नावच पडलंय, हसनभाईचं पाणी.

हसनभाई मला म्हणाला, "मास्तर, मी कापूस पिंजणारा मानूस. गावानं मला पानी पिंजाया लावलं."

मी हसलो. घरी पाणी घेतलं नाही. आई.

भा. वद्य ६

आईला काल रात्रीपासून जुलाब. बारवेचंच. सुंठ-साखर दिली. पाणी घेत नाही. गाय आटत चाललीय, वाटीभर दूध निघतं तेवढंच.

मी स्वतः दुपारी हसनभाईच्या घरी जाऊन दोन तांबे प्यालो. निघताना तिथंच चूळ भरली. चूळ कशाने भरली? त्याच पाण्याने. माझ्या शहाणपणाची सीमा.

भा. वद्य ७

आईचे ओठ फुटलेत. हसनभाईचं घे म्हणालो. तिने हिशोब मांडला. एक हसनभाईचा हात, त्याच्याआधी त्यांचा, माळावरच्यांचा हात, दोन पायऱ्या झाल्या. म्हणाली, "इतकी वर्षं सांभाळलं, आता कशाला बाटू." आवाज खोल गेलाय. डोळे आत गेलेत.

हिंगोलीचा डॉक्टर आणायचा तर नदीला उतार नाही. भीती वाटते. लिहून ठेवतो, फार भीती वाटते.

भा. वद्य ८

भर दुपारी स्वतः कळशी घेऊन माळावर गेलो. घरची, तांब्याची. विहिरीवर सटवाजीची सून ठकूबाई सकाळपासून पोहरा ओढत होती. हाताला चिंधी बांधलेली. उन्हाळ्यात ही विहीर आटली की बारवेवर हिच्या घागरीत आमच्या बायका वरून पाणी ओततात, तेही मर्जी असेल तर, आणि ही खाली ताटकळत उभी असते. आज मी खाली उभा. तिने वरून ओतलं, एक थेंब सांडला नाही.

कोणासाठी, तिने विचारलं. आईसाठी म्हणालो. तिने पोहरा काठावर ठेवला.

"सांगून पाजा, मास्तर. चोरून पाजू नका. आमचं पानी चोरीचं न्हाई."

हो म्हणालो.

घरी येऊन आईला सांगितलं की हसनभाई औंढ्याला गेला होता, त्याच्याबरोबर आपली कळशी धाडली होती, तोंडाला सोवळ्याचं फडकं बांधून. नागनाथाच्या आवारातलं पाणी आहे. आईने कळशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग उठून बसली आणि तीन फुलपात्री प्याली. मी तोंड फिरवून रडलो.

भा. वद्य १०

बाबांची तिथी. जोशांनी विचारलं, पाणी कुठलं? नागनाथाचं, आई आतून म्हणाली. जोशी माझ्याकडे बघून नुसते हं म्हणाले. त्यांच्या अंगणात हसनभाईचं पिंप काल मीच रिकामं होताना पाहिलंय. तर्पण झालं. बाबांनाही फसवलं. बाबा असते तर हसले असते की काठी उचलली असती, सांगता येत नाही. बहुतेक काठी.

आईने आज भाताची पेज घेतली. जुलाब थांबले.

भा. वद्य १२

आई ओट्यावर येऊन बसली. शेजारणींना नागनाथाची कृपा सांगते. त्या ऐकून माझ्याकडे बघतात आणि पदर तोंडाला लावतात. त्यांनाही सांगता येत नाही, सांगितलं तर त्यांच्या घागरींचं निघेल. सगळं गाव एकमेकांच्या तोंडावर हात ठेवून बसलंय.

रोज कळशी आणतो. ठकूबाईने विचारलं नाही, सांगितलं का म्हणून. ओतते, दुसरीकडे बघते. ती विचारती तर बरं झालं असतं.

काल गावकऱ्यांनी वरून आकडे टाकून म्हैस ओढायचा प्रयत्न केला. एक पाय तुटून हातात आला. बाकीची तिथंच. वास आता चावडीपर्यंत.

भा. अमावास्या

चावडीवर बैठक. पाटलांनी सटवाजीला बोलावलं. तो आला, नेहमीप्रमाणे पायरीखाली उभा राहिला. पाटील म्हणाले, आता तुम्हीच उतरा, मागून जोशी गोमूत्र शिंपडून शुद्ध करून घेतील.

सटवाजी सत्तरीचा. त्याने आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही, आजही चढवला नाही.

"आमी उतरतो. म्हस काढतो, गाळ बी काढतो. पन ज्या पायरीनं आमी खाली जाऊ, त्याच पायरीनं दुसऱ्या दिशी आमच्या बाया घागरी घेऊन जातील."

पाटील म्हणाले ते कसं होईल, गाव बाटेल. सटवाजी म्हणाला, गाव दहा दिस आमच्याच हिरीचं पानी पिऊन राहिलं. पाटील म्हणाले, ते हसनभाईचं पाणी. हसनभाई कोपऱ्यात बसला होता, त्याने मान खाली घातली. हसनभाईच्या मानेत एवढं वजन मी पाहिलं नव्हतं.

मग सटवाजीने देवळातून खंडोबाचा बेलभंडार मागवला. गुरवाने ताट आणून चावडीच्या पायरीवर ठेवलं. बेलाचं पान, वर हळद. आमच्याकडे बेलभंडार उचलून खोटं बोलत नाहीत. जमिनीच्या भांडणात उचललेला मी दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा खोटं बोलणाऱ्याने हात मागे घेतला.

"मी कोनाला पेलं म्हनून कबूल करा म्हनत न्हाई," सटवाजी म्हणाला. "ज्यानं पेलं नसंल त्यानं फकस्त बेलभंडार उचलावा अन् म्हनावं, आमच्या हिरीचं पानी तोंडाला लावलं न्हाई. एका मानसानं म्हनलं तरी आमी उद्या गुमान उतरतो."

कोणी उठलं नाही. पाटील उठले नाहीत. जोशी जानव्याशी चाळा करत होते. पुरुष समोर, बायका मागे देवळाच्या भिंतीला, त्यांत आमची आई, आजारानंतर पहिल्यांदाच घराबाहेर. मी पाटलांच्या शेजारी वही घेऊन, बैठकीत ठरलं ते लिहायला. बेलभंडार उचलू शकत नव्हतो. प्यालो असं म्हणायला तर कोणी अडवलं नव्हतं. एवढं म्हणालो असतो तर इतरांनाही म्हणावं लागलं असतं. आईकडे पाहिलं आणि वहीत मान घातली.

शेवटी पाटील म्हणाले, परवा बघू. ताट तिथंच. सटवाजीने जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. ठकूबाईने पाहिलं.

वहीत काही लिहिलं नाही. काही ठरलंच नव्हतं.

आश्विन शु. १

घट बसवायचा. दरवर्षी आई बारवेच्या पाण्याने घट भरते. मी कळशी पुढे केली आणि सवयीने म्हणालो, नागनाथाचं. आईने कळशी घेतली. घटात पाणी ओतता ओतता म्हणाली, "ठकूचं आहे ना?"

मी नारळ पुढे केला.

ती सावकाश नारळ ठेवून, हळद-कुंकू लावून मग बोलली. गाडी औंढ्याला जाऊन यायला तीन दिवस लागतात, कळशी सकाळी घरातच होती आणि दुपारी तू पाणी घेऊन आलास. पहिल्याच दिवशी कळलं तिला.

मग का प्यालीस, मी विचारलं.

"मरायचं नव्हतं रे मला," म्हणाली. अगदी साधं. लेकराने भूक लागली म्हणावं तसं. मग म्हणाली, तू मला खोटं सांगायची सोय दिलीस, मी घेतली. आणि विचारलं, काल चावडीवर गप्प का बसलास? मी म्हणालो, तुझ्यासाठी.

"मी प्यायले माझ्यासाठी. तू गप्प बसलास तो तुझ्यासाठी. माझ्यावर नको ढकलू."

राग आला. दिवसभर बाहेरच राहिलो. संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती घटाखालच्या मातीत गहू पेरत होती. मीही दोन मुठी टाकल्या.

उद्या पुन्हा बैठक. म्हैस अजून बारवेत. आई म्हणते, ती येणार, आणि मागे भिंतीला बसणार नाही. मी म्हणालो, आई, बेलभंडारापाशी बायका जात नाहीत. ती म्हणाली, बेलभंडार उचलायचा नाहीच आहे, नुसतं सांगायचं आहे, त्याला ताट कशाला.

ती झोपली. तिच्याआधी मी बोलणार की तिच्यानंतर की मुळीच नाही, ते लिहावं म्हणून बसलो होतो. अजून लिहिलेलं नाही.